थरारपटाचा पहिला प्रसंग कसा वाचायचा: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने

थरारपट बघून बाहेर पडताना "सुरुवातच काय जबरदस्त होती" असं सगळेच म्हणतात. ती जबरदस्त का होती हे लिहायला बसलं की पेन अडतं. चित्रपट-अभ्यासाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, समीक्षा लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि स्वतःचा लघुपट करू पाहणाऱ्याने तर आधी हेच करून बघावं. बहुतेक जण एकतर गोष्ट सांगत सुटतात, नाहीतर "इथे लो अँगल आहे, इथे क्लोजअप आहे" अशी जंत्री देतात. ताण कशामुळे आला, हे वाचणाऱ्याला दोन्हींतून कळत नाही.

या सगळ्या कामाकडे बघायची माझी दृष्टी एकच आहे. पहिला प्रसंग म्हणजे माहितीची वाटणी. कोणाला काय कळलं, कधी कळलं आणि काय मुद्दाम कळू दिलं नाही, हे पकडलं की बाकीचं सगळं म्हणजे प्रकाश, कॅमेरा, संकलन, आवाज त्याच्याभोवती आपोआप जागेवर बसतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

उदाहरणं मुख्यतः दोन जुन्या चित्रपटांची घेतली आहेत: फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (1931) आणि ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (1958). दोन्हींची सुरुवात अभ्यासाला फार सोयीची आहे, कारण एकीत कट (एक सलग चित्रण संपून दुसरं सुरू होण्याच्या जागा) भरपूर आहेत आणि दुसरीत एकही नाही.

आधी काय जवळ हवं

- चित्रपटाची चांगली, अधिकृत प्रत. भाषा येत नसेल तर सबटायटल असलेली.
- एकेक फ्रेम पुढे नेता येईल असा प्लेअर. व्हीएलसीमध्ये कीबोर्डवरची ‘ई’ कळ दाबली की चित्र एका फ्रेमने पुढे सरकतं. स्ट्रीमिंग ॲपवर ही सोय सहसा नसते आणि स्क्रीनशॉटही बऱ्याचदा काळे येतात. अशा वेळी वहीत चौकट आखून ओबडधोबड चित्र काढा. माणूस कुठे, दार कुठे, मोकळी जागा कुठे, एवढं कळलं तरी पुरे.
- हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतले आवाज गायब होतात, आणि थरारपटात नेमके तेच महत्त्वाचे असतात.
- वही किंवा स्प्रेडशीट.
- सलग मोकळा वेळ. पाच मिनिटांच्या प्रसंगाला तीन-चार तास सहज लागतात. घाईत केलेली शॉट-यादी (प्रत्येक शॉटची, म्हणजे दोन कटांमधल्या सलग चित्रणाची, नोंद) पुन्हा करावी लागते.

1. प्रसंग कुठे संपतो ते आधी ठरवा

‘सुरुवात’ म्हणजे किती, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जागा किंवा काळ बदलला की प्रसंग संपला, ही ढोबळ खूण. पण थरारपटात त्याहून उपयोगी खूण म्हणजे पहिला मोठा प्रश्न पूर्ण आकाराला आला की थांबा. ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये गाडीचा स्फोट होतो तिथे. ‘एम’मध्ये तारांत अडकलेला फुगा दिसतो आणि पडदा काळा होतो तिथे. हा दुसरा उतारा सात-आठ मिनिटांचा आहे. पहिल्यांदाच करत असाल तर पाच मिनिटांच्या आतला उतारा घ्या.

श्रेयनामावली सोडू नका. नावं येत असताना मागे काय दिसतंय आणि ऐकू येतंय, त्यातूनच प्रेक्षकाला कसं बसायचं हे सांगितलं जातं. काही चित्रपट नावांच्या आधीच एक छोटा प्रसंग उरकून घेतात. मग नावांचा तो वेळ प्रेक्षकाला प्रश्न घोळवायला मिळतो.

2. पहिल्यांदा नुसतं बघा, आणि लगेच प्रश्न लिहा

पहिल्या वेळी पेन हातात घेऊ नका. दिवे बंद, फोन दूर. उतारा संपला की थांबवा आणि डोक्यात आलेले प्रश्न जसेच्या तसे लिहा. "तो कोण होता?" "तिला आवाज ऐकू आला का?" "ही बाई खोटं बोलतेय का?" भाषा सुधारू नका, क्रम लावू नका. अंगाला काय जाणवलं तेही लिहा: कुठे श्वास रोखला, कुठे पडद्याच्या कडेकडे नजर गेली, कुठे कंटाळा आला. कंटाळाही लिहा. तो कधीकधी मुद्दाम आणलेला असतो.

ही पायरी वगळली तर भरपाई होत नाही. एकदा उत्तर कळलं की मूळ प्रश्न कसा वाटला होता हे आठवत नाही. चित्रपट तुम्ही आधीच पाहिला असेल तर न पाहिलेल्या एखाद्या मित्राला शेजारी बसवा. दर मिनिटाला थांबवून त्याला एवढंच विचारा: "आता काय होईल असं वाटतंय?" त्याची उत्तरं शब्दशः टिपा. पुढे दाव्याला पुरावा म्हणून ती सोन्यासारखी उपयोगी पडतात.

3. एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र झाकून

आवाज बंद करून बघितलं की चेहरे, मोकळ्या जागा आणि कटचा वेग उघडे पडतात. नंतर पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारा: भीती शिल्लक आहे का? फक्त आवाजातून भीती वाटत असेल तर ध्वनीवर जास्त लिहायचं, चित्रातूनच वाटत असेल तर चित्रावर. लिखाणाचा भर कुठे ठेवायचा हे इथेच ठरतं.

4. शॉट-यादी करा

आता खरं हातकाम. प्रत्येक कटला एक नवी ओळ. रकाने असे ठेवा: क्रमांक, सुरू होण्याची वेळ, किती सेकंद, काय दिसतं, कॅमेरा कसा, काय ऐकू येतं, आणि शेवटचा रकाना ‘नवीन काय कळलं’.

शेवटचा रकाना बरेच जण ठेवतच नाहीत. तो नसेल तर यादी निव्वळ मोजदाद होते. ‘एम’च्या यादीतल्या काही ओळी माझ्या वहीत अशा आहेत:

काळा पडदा, फक्त एका मुलीचा आवाज, मोजणीचं गाणं. कळलं: मुलं खेळताहेत, पण गाण्यात काळ्या माणसाची आणि सुऱ्याची गोष्ट आहे.

वरून दिसणारं अंगण, मुलांचं रिंगण. कळलं: गाण्याच्या शेवटी ज्याच्यावर बोट येईल तो बाद. म्हणजे कोणीतरी एक निवडला जाणार.

वरच्या सज्जातली धुणेवाली बाई ते भयंकर गाणं बंद करा म्हणून ओरडते. मुलं थांबतात आणि ती आत गेली की पुन्हा सुरू करतात. कळलं: मोठ्यांना कशाची तरी धास्ती आहे, मुलांना नाही.

बघा, अजून कोणी कोणाला काही केलेलं नाही. गुन्हा नाही, गुन्हेगार नाही. तरी तीन ओळींत धास्ती तयार झाली, आणि ती कुठून आली हे शेवटच्या रकान्यात बोट ठेवून दाखवता येतं.

कॅमेरा एका शब्दाविना किती सांगू शकतो याचा नमुना हवा असेल तर दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ची (1954) सुरुवात घ्या. झोपलेला घामाघूम माणूस, उकाडा दाखवणारा पारा, प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, शर्यतीतल्या अपघाताचा फोटो. हा माणूस छायाचित्रकार आहे, फोटो काढताना जखमी झाला आणि आता खिडकीत अडकून पडलाय, हे सगळं संवादाविना कळतं. या उताऱ्याचा शेवटचा रकाना भरणं हा चांगला सराव आहे.

शॉटची सरासरी लांबी काढायची तर एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा. 240 सेकंदांत 40 शॉट असतील तर सरासरी 6 सेकंद. पण या आकड्यावर विसंबू नका. सरासरी 6 असूनही एक शॉट 45 सेकंदांचा आणि शेवटचे दहा एकेक सेकंदाचे असू शकतात. लांबी कुठे *बदलते* तिथे खूण करा. दिग्दर्शकाने तिथे काहीतरी ठरवून केलेलं असतं.

5. माहितीचा हिशोब मांडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, तिला निम्मा वेळ द्या.

शॉट-यादीशेजारी नवीन पान घ्या आणि तीन रकाने आखा: प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे, आणि कोणालाच (म्हणजे दिग्दर्शक सोडून) काय माहीत नाही. दर शॉटला यात काय बदललं ते लिहा.

हे करताना गूढ आणि ताण यांचा हिशोब वेगळा ठेवा. लोक हे दोन शब्द एका दमात म्हणतात, पण पडद्यावर ते उलट्या दिशांनी काम करतात. प्रेक्षकाला पात्रापेक्षा *कमी* माहीत असेल तर गूढ तयार होतं: आपण मागे पडलोय, धागा शोधतोय. प्रेक्षकाला पात्रापेक्षा *जास्त* माहीत असेल तर ताण तयार होतो: आपल्याला दिसतंय, त्याला दिसत नाही, आणि आपण काही करू शकत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत हिचकॉकने ताण आणि अचानक बसणारा धक्का यांतला फरक बॉम्बच्या उदाहरणाने समजावला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नाही आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल आणि माणसं टेबलाशी निवांत गप्पा मारत असतील, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं उत्कंठेने ऐकल्या जातात. धक्का, ताण आणि गूढ या तीन गोष्टी तुमच्या लिखाणात कधीही एकमेकींच्या जागी येऊ देऊ नका.

आता ‘टच ऑफ ईव्हिल’ उघडा. पहिलाच क्लोजअप: दोन हात, बॉम्ब, त्याचं घड्याळ लावलं जातंय. हातांचा मालक भिंतीच्या कडेने पळतो, एका गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि अंधारात नाहीसा होतो. लगेच एक पुरुष आणि एक बाई हसत-खिदळत येतात, गाडीत बसतात आणि निघतात. कॅमेरा क्रेनवरून इमारतीच्या वर चढतो, पलीकडे उतरतो आणि मेक्सिको-अमेरिका सीमेवरच्या गावातून गाडीबरोबर चालू लागतो. मध्येच एक नवविवाहित जोडपं पायी चालताना दिसतं आणि कॅमेरा त्यांना धरतो. गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी चौकटीबाहेर. सीमेच्या नाक्यावर गाडी आणि जोडपं शेजारी-शेजारी थांबतात. अधिकाऱ्याच्या गप्पा लांबतात. गाडीतली बाई कुरकुरते की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. कोणी लक्ष देत नाही. गाडी चौकटीबाहेर जाते, जोडपं चुंबनासाठी जवळ येतं आणि स्फोट होतो. सव्वातीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, आणि स्फोटापर्यंत एकही कट नाही.

हिशोब मांडला की हे असं दिसतं. बॉम्बबद्दल प्रेक्षकाला माहीत, गाडीतल्या दोघांना नाही, चालणाऱ्या जोडप्यालाही नाही: हा ताण. बॉम्ब कोणी ठेवला, का ठेवला, गाडीतला माणूस कोण, हे प्रेक्षकाला माहीत नाही: हे गूढ. म्हणजे पहिल्या काही सेकंदांतच दोन्ही खाती उघडली. स्फोट होतो तेव्हा ताणाचं खातं बंद होतं, पण गूढाचं उघडंच राहतं, आणि उरलेला चित्रपट त्याच्यावर चालतो. चांगल्या थरारपटाच्या सुरुवातीत ही व्यवस्था वारंवार सापडते: ताण प्रसंगातच फेडायचा, गूढ पुढे न्यायचं.

आता तंत्राचा प्रश्न विचारा, कारण आता त्याला अर्थ आहे. कट का नाही? कट झाला असता तर मधला वेळ गाळता आला असता, आणि प्रेक्षकाने नकळत सुटकेचा श्वास सोडला असता. सलग शॉटमध्ये पडद्यावरची वेळ आणि बॉम्बची वेळ एकच होते. "इथे लाँग टेक वापरला आहे" एवढं लिहून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. "लाँग टेकमुळे बॉम्बचं घड्याळ प्रेक्षकाच्या मनगटावर येतं" असं लिहिलं की ते विश्लेषण झालं.

6. काय दाखवलेलं नाही ते शोधा

शॉट-यादीत दिसणाऱ्या गोष्टी भरल्या. आता न दिसणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी करा. चेहरा लपवला आहे का? दाराच्या पलीकडचा आवाज येतो पण माणूस दिसत नाही, असं कुठे आहे? क्रिया सुरू झाली पण तिचा शेवट कापला, असं कुठे आहे?

‘एम’ या बाबतीत अजून शिकवतो. एल्सी नावाची मुलगी शाळेतून घरी निघाली आहे. चेंडू आपटत चालली आहे. जाहिरातींच्या खांबाशी थांबते आणि चेंडू त्याच्यावर मारू लागते. खांबावर पत्रक आहे: खुनी कोण, 10,000 मार्कांचं बक्षीस. चेंडू त्या पत्रकावरच आपटतोय. आणि मग पत्रकावर एका टोपीवाल्या माणसाची सावली सरकते. सावलीच बोलते, तुझा चेंडू किती छान आहे, तुझं नाव काय.

हा एक शॉट फ्रेम-फ्रेमने बघा. चेहरा नाही, हात नाहीत, शस्त्र नाही. पण ‘खुनी कोण’ या छापील प्रश्नावर माणसाची सावली पडली आहे, म्हणजे प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच चौकटीत ठेवलं आहे, तरी उत्तराला चेहरा दिलेला नाही. प्रेक्षकाला कळतं की हाच तो. हा कोण, ते कळत नाही. एल्सीला यातलं काहीच कळत नाही. तीन रकाने एका चौकटीत भरले, तेही आवाज न चढवता.

पुढे खून दाखवलेलाच नाही. आई जिन्यातून हाका मारते. प्रत्येक हाकेला उत्तर म्हणून रिकामी जागा येते: रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा, टेबलावर मांडलेली रिकामी ताटली. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू. मग तारांत अडकलेला फुगा. प्रेक्षक मधला भाग स्वतः भरतो, आणि स्वतः भरलेला भाग कुठल्याही दाखवलेल्या दृश्याहून भयंकर असतो. इथे लिहिताना ‘सूचकता’ एवढा एक शब्द टाकून पुढे जाऊ नका. कुठल्या दोन शॉटच्या मध्ये काय गाळलं, ते नेमकं सांगा.

गाळण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे जोडणारा दुवाच न देणं. श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’ची (2018) सुरुवात कोबीच्या शेतातल्या एका सशाने आणि त्याच्यामागे लागलेल्या बंदूकधारी माणसाने होते, आणि हा तुकडा गोष्टीत कुठे बसतो हे फार उशिरा कळतं. इथे माहिती कमी नाही, तिचा पत्ता नाही. असा प्रकार दिसला तर त्याची वेगळी नोंद करा.

7. वेळ कशी ताणली किंवा आवळली

पडद्यावर घड्याळ दिसतंय का बघा. ‘एम’मध्ये बारा वाजतात तेव्हा आईच्या चेहऱ्यावर हसू आहे, आता लेक येईल म्हणून. नंतर घड्याळ दिसतं तेव्हा वीस मिनिटं उलटलेली असतात, त्यानंतर तासाहून जास्त. घड्याळ तेच आहे, पण दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. प्रत्यक्षातला तासाभराचा काळ काही मिनिटांत बसवला आहे, तरी वाट बघणं लांबच लांब वाटतं, कारण मध्ये जे कोणी दारात येतं ते एल्सी नसतं.

घड्याळ नसेल तर अडथळे मोजा. ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये पादचारी, शेळ्यांचा कळप, नाक्यावरच्या गप्पा हे सगळे गाडी थांबवतात.

8. आवाजाचा वेगळा तक्ता

"पार्श्वसंगीताने ताण वाढवला" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या उत्तरपत्रिकेत सापडतं आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: आवाज गोष्टीच्या जगातला आहे की वरून लावलेला, तो कधी सुरू होतो, आणि कधी *थांबतो*. शांततेची सुरुवात टाइमकोडसकट (प्लेअरवर दिसणाऱ्या मिनिट-सेकंदांसकट) नोंदवा.

‘एम’ हा लांगचा पहिला बोलपट. त्यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही. आहे ती एक शिट्टी, संगीतकार ग्रीगची धून, खुनी एल्सीला फुगा घेऊन देताना वाजवतो ती. चेहरा लपवला, पण आवाजाने ओळख दिली. सुरुवातीला एल्सीची आईच म्हणते की गाणी ऐकू येतात तोवर मुलं आहेत हे तरी कळतं. या वाक्याचं खरं उत्तर तोंडाने येत नाही. काही मिनिटांनी आईच्या हाकेनंतरची शांतता देते.

आवाजाचा परिणाम शिकायला ‘टच ऑफ ईव्हिल’सारखी दुसरी सोय नाही, कारण त्याच शॉटच्या दोन ध्वनी-आवृत्त्या आहेत. 1958 साली प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत स्टुडिओने शॉटवर श्रेयनामावली टाकली आणि हेन्री मँचिनीचं तालबद्ध संगीत सलग लावलं. वेल्सने स्टुडिओला 58 पानांचं टिपण लिहून बदल सुचवले होते. त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने 1998 मध्ये पुनर्संकलन केलं. त्यात नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारे आवाज ठेवले.

दोन्ही पाठोपाठ बघा. पहिल्या आवृत्तीत संगीतच सांगतं की काहीतरी घडणार आहे. दुसऱ्या आवृत्तीत रेडिओचा आवाज जवळ आला म्हणजे गाडी जवळ आली, म्हणजे बॉम्ब जवळ आला. तुम्ही कानांनी बॉम्ब शोधू लागता. मला दुसरी निःसंशय जास्त ताणदार वाटते. पहिल्या आवृत्तीत ताल प्रेक्षकाचं काम स्वतः करून टाकतो. तुमचं मत उलट असू शकतं. दोन्ही कानांनी ऐकून मगच ठरवा.

9. एका वाक्यात दावा लिहा, मग त्याला तपासा

आता वह्या बाजूला ठेवा आणि एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय रोखलं किंवा आधी दिलं, ते कोणत्या साधनाने, आणि प्रेक्षकावर परिणाम काय.

कच्चं वाक्य: "दिग्दर्शकाने प्रकाश, संगीत आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने रहस्यमय वातावरण निर्माण केले आहे." हे कुठल्याही चित्रपटाला चिकटवता येतं, म्हणून ते फेकून द्या.

पक्कं वाक्य: "खुन्याची ओळख सावली आणि शिट्टीपुरती ठेवून आणि प्रत्यक्ष खुनाच्या जागी रिकाम्या जागा दाखवून, ‘एम’चा पहिला प्रसंग प्रेक्षकाला आईच्या आधी सत्य कळवतो आणि मग तिच्याबरोबर वाट बघायला लावतो."

तपासायची रीत सोपी आहे. तुमच्या वाक्यातल्या साधनाचा शॉट मनातून काढून टाका. सावलीऐवजी चेहरा दाखवला असता तर? घड्याळाचे शॉट गाळले असते तर? परिणाम तसाच राहत असेल तर दावा चुकीच्या जागी उभा आहे. परिणाम कोसळत असेल तर तुम्ही खांबच पकडला आहे.

10. लिहिताना कुठे घसरायला होतं

प्रत्येक परिच्छेद एका क्षणावर ठेवा: काय घडतं ते एका-दोन वाक्यांत, कसं दाखवलं ते दोन-तीन वाक्यांत, आणि त्यामुळे माहितीची वाटणी कशी बदलली ते सविस्तर. नवशिक्यांच्या लिखाणात हे प्रमाण नेमकं उलटं असतं. गोष्ट सात ओळी, विश्लेषण अर्धी ओळ.

कालक्रमाने लिहायची सक्ती नाही. सगळ्यात जोरदार क्षण आधी घेतला तरी चालतो, फक्त तो प्रसंगात कुठे येतो हे टाइमकोडने सांगा.

प्रतीकांचा मोह आवरा. लाल म्हणजे धोका, आरसा म्हणजे दुभंगलेलं मन, जिना म्हणजे अधोगती, असे तयार अर्थ चिकटवू नका. प्रसंगाने स्वतः तो अर्थ तयार केला असेल तरच लिहा. ‘एम’मधला चेंडू प्रतीक म्हणून परिणाम करत नाही. आपण तो एल्सीच्या हातात पाहिलेला असतो आणि नंतर हाताविना पाहतो, म्हणून तो काळजाला लागतो.

शेवट माहीत असल्याचा फायदा सुरुवातीच्या विश्लेषणात घेऊ नका. पुढे एक आंधळा फुगेवाला त्याच शिट्टीवरून खुन्याला ओळखतो, हे खरं आहे आणि सुंदरही आहे, पण पहिल्या प्रसंगात बसलेल्या प्रेक्षकाला ते ठाऊक नसतं. तुमचा मुद्दा त्या अज्ञानावरच उभा आहे. असे धागे जोडायचे असतील तर शेवटी वेगळा परिच्छेद करा आणि "पूर्ण चित्रपट पाहिल्यावर" असं स्पष्ट लिहून सुरू करा.

सबटायटलमधला संवाद अवतरणचिन्हांत देताना तो अनुवाद आहे हे ध्यानात ठेवा. शब्दनिवडीवर मुद्दा उभा करायचा असेल तर मूळ भाषा येणाऱ्या कोणाकडून तो तपासून घ्या. पात्रांची नावं आणि वर्ष प्रतीच्या श्रेयनामावलीतून घ्या. कोणती आवृत्ती पाहिली तेही पहिल्याच परिच्छेदात सांगा. ‘टच ऑफ ईव्हिल’सारख्या चित्रपटात 1958 ची प्रत बघून 1998 च्या आवाजावर लिहिलं तर सगळं विश्लेषणच खोटं पडतं.

मसुदा झाला की पायरी 2 मधली प्रश्नांची यादी काढा आणि प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, लेखात तो कसा जन्मला हे आलंय का. ज्या प्रश्नासमोर जागा कोरी राहील, त्याच शॉटकडे परत जा.